काजव्यांचं तेल

बाईंच्या गुडघ्यांवर पुरळ उठलं तेव्हा दोष आधी साबणाला दिला गेला. बाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांनी साबण बदलला. पुरळ गेलं नाही, उलट पोटऱ्यांपर्यंत उतरलं. मग शिंप्याच्या खांद्यावर तसंच पुरळ दिसलं. मग बँकेच्या पहारेकऱ्याच्या कमरेवर. तिघांचा साबण वेगळा, पाणी वेगळं, खाणंपिणं वेगळं. मालिश करणारी मात्र एकच होती.

तिला सगळे मावशी म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत एक लांब लाकडी टेबल, त्यावर गादी, भिंतीला टॉवेलांची दोरी आणि खिडकीत तेलाच्या बाटल्या, एवढाच तिचा कारभार. पाठ धरलेले हमाल, मान अवघडलेले कारकून, गुडघे कुरकुरणारी म्हातारी माणसं, सगळी त्या टेबलावर पालथी पडून गेलेली. मावशीच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. तिच्याजवळ दवाखान्याची पाटी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. लोकांचं ते एक वाक्य होतं, आणि त्यावर घर चालत होतं.

"राग मानू नकोस," बाई एका सकाळी दारातूनच म्हणाल्या. आत आल्या नाहीत. "तुझ्या हाताला काही झालंय का?"

मावशीने हात पदराखाली घेतले. तळवे लाल झाले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. "काही नाही हो. धुण्याचा सोडा लागला."

"मग दाखव."

"त्यात काय बघायचं?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे त्या असंच बघत. मग काठी टेकत निघून गेल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण त्या आल्या नाहीत एवढंच पुरेसं होतं. शिंपी यायचा थांबला. पहारेकरी समोरून दिसला की घड्याळ बघायला लागायचा. आठवडाभरात ते जुनं वाक्य फिरलं. मावशीच्या हाताला काहीतरी झालंय, असं लोक म्हणू लागले.

तेलावर तिचा संशय गेला नाही, याचं कारण तेलावर तिचा जीव होता. गेल्या हंगामापासून पहाटे समुद्रकाठच्या वाळूवर बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या वाहून येत होत्या. काही विझलेल्या, काही अजून हिरव्या उजळणाऱ्या. आत पारदर्शक, बुळबुळीत द्रव. एकदा नळी चिरून तिने स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहिलं, तर हात कसा लोण्यावरून फिरावा तसा फिरला, आणि मागाहून ऊबही आली. एखाद्या जहाजावरून औषधाची पेटी पडली असणार, असं तिने ठरवलं. इतकं नीट बंद करून कुणी विष भरतं का? ती फक्त उजळणाऱ्या नळ्या वेचायची. विझलेल्यात गुण राहत नाही, असा तिचा हिशेब. हाताला चिरा पडल्या तेव्हा त्यांवरही तिने तेच तेल चोळलं.

तिचा मुलगा तिच्या भावाच्या बोटीवर होता. धक्क्यावर त्याला चिमट्या म्हणत, कारण दोर सोडताना चिमटे लावायचं काम त्याचं. तलवारमाशाची मासेमारी जाळ्याने करत नाहीत. संध्याकाळी एक लांबच लांब दोर समुद्रात सोडतात. त्याला ठरावीक अंतरावर खाली लोंबणाऱ्या दोऱ्या, प्रत्येक दोरीला एक गळ, गळाला आमिष, आणि गळाच्या वर चिमट्यात अडकवलेला एक काजवा. काजवा हा बोटीवरचा शब्द. प्लास्टिकची नळी वाकवली की आतली काचेची कुपी फुटते, दोन रसायनं एकत्र होतात आणि नळी रात्रभर उजळते. त्या उजेडाला छोटी मासळी येते, तिच्या मागे तलवारमासा. निदान ठरलंय तसं. प्रत्यक्षात गळ कुणाला नाव विचारत नाही. जो तोंड उघडतो तो त्याचा.

पूर्वी बोटी लांबच्या खोल पाण्यात जायच्या. आता त्या जिथे दोर टाकत तिथून किनाऱ्यावरच्या खिडक्यांमधले दिवे दिसायचे. मत्स्य खात्याने आखलेली हद्द याच्या कितीतरी पलीकडे होती, पण जवळ डिझेल वाचतं आणि घरी जेवायला परतता येतं. या जवळच्या उबदार पाण्यात माशांची पिल्लं वाढायला येतात आणि मादी कासवं अंडी घालायला याच वाटेने वाळूकडे निघतात. हे धक्क्यावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, हेही माहीत होतं.

त्या दिवशी उजाडताना दोर ओढायला घेतला तेव्हा यंत्रावर इंजिनवाला होता, कठड्याशी कप्तान, म्हणजे चिमट्याचा मामा, आणि मागे चिमट्या. पहिले काही गळ रिकामे आले. मग एक तलवारमासा आला, हातभर लांबीचा, चोच अजून पेन्सिलीसारखी. मेलेला.

"पोरगंय," कप्तान म्हणाला. "सोड."

चिमट्याने गळ उपटला आणि मासा पाण्यात टाकला. मेलेलं जनावर पाण्यात टाकलं तरी बोटीवर त्याला सोडणंच म्हणत. त्यानंतर निळ्या पाठीचा एक शार्क सोडला. पुन्हा दोन पोरं सोडली. दोर टाकताना आमिषावर झडप घालून गळाबरोबर बुडालेला एक समुद्रपक्षी आला, पंख भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे लोंबत होते. तोही सोडला. मग कुठे एक विकण्याजोगा तलवारमासा निघाला आणि बर्फात गेला. कप्तानाने खूश होऊन पाठ केबिनच्या कोपऱ्याला घासली.

"नवा रेनकोट भिकार निघाला," तो म्हणाला. "पाठीची सालटी काढली त्याने."

"रेनकोट काढलाय की तुम्ही कालपासून," इंजिनवाला म्हणाला.

"तू यंत्राकडे बघ. माझी पाठ माझ्याकडे आहे."

"पाहुणा आला," इंजिनवाला लगेच ओरडला आणि यंत्र थांबवलं.

पाहुणा म्हणजे कासव. मोठी मादी होती. दोरी तिच्या तोंडात गेली होती आणि गळ दिसत नव्हता, म्हणजे तो घशाखाली होता. ती मान वळवून कठड्याला धडका देत होती. गळ काढायला वेळ लागतो, कासव वर घ्यावं लागतं, हात चावला जाऊ शकतो. कप्तानाने वाकून दोरी तोंडापाशी कापली.

"पाहुणा गेला," तो म्हणाला.

कासव खाली गेलं. उरलेली दोरी त्याच्या तोंडातून मिशीसारखी तरंगत होती. कुणी मागे वळून पाहिलं नाही. चिमट्या दोरावरचे काजवे काढून समुद्रात भिरकावत राहिला. विझलेले काजवे साठवायला खात्याने प्रत्येक बोटीला एक निळं पिंप दिलं होतं. पिंप बोटीवर होतं. त्यात बटाटे होते.

दुपारी तो घरी आला तर आई स्वयंपाकघरात पाट मांडून बसली होती. समोर स्टीलचं पातेलं, त्यावर मलमलीचा तुकडा, हातात कात्री. बाजूला नळ्यांचा ढीग. ती एक नळी उचलायची, टोक कापायची, कापडावर ओतायची.

चिमट्या दारातच उभा राहिला. "हे काय करतेस?"

"आंधळा झालास का? तेल गाळतेय. आत काच असते बारीक, ती काढावी लागते. हात धू, ताट वाढते."

"कुठून आणलंस?"

"वाळूवरून. समुद्र फुकट देतो, लोकांना उचलायचा आळस."

"आई, तू हे लोकांना लावतेस?"

"मग काय, भजी तळते?"

तो खाली बसला. त्याने तिचा डावा हात धरून उलटा केला. तळव्याची कातडी सोलवटली होती, नखांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"सोडा लागला," ती म्हणाली.

"सोडा नाही. हे तेल नाहीये. काजवे आहेत हे."

मावशी हसली. "काजवे उडतात रे. याला पंख कुठायत?"

"आमचे काजवे. बोटीवरचे."

ती थांबली. कात्री तशीच उघडी राहिली. कितीतरी वेळा हा जेवताना सांगायचा, काल काजवे कमी पडले, आज काजवे लवकर विझले. समुद्रात रात्री पाणी उजळतं ते तिने पाहिलं होतं. तसलंच काहीतरी असेल, असं ती धरून चालली होती. एकदा भावालाही विचारलं होतं, हे काजवे म्हणजे नेमकं काय रे? तो म्हणाला होता, "समुद्रातले काजवे, ताई. उडत नाहीत, पोहतात." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला होता.

"म्हणजे तू टाकतोस," ती सावकाश म्हणाली, "आणि मी वेचते."

चिमट्याने तिच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली.

"काय असतं यात?"

"रसायन. नाव नाही माहीत. खोक्यावर लिहिलेलं असतं, त्वचेला लागू देऊ नये."

"लिहिलेलं असतं."

"हो."

"तुम्ही नळ्या हाताळता तेव्हा?"

"हातमोजे घालतो."

मावशीने पातेल्यावरचं कापड उचललं, त्याची नीट घडी केली आणि ती घडी पुन्हा उलगडली. बाईंचे गुडघे, शिंप्याचा खांदा, पहारेकऱ्याची कंबर. हे सगळं ती गेला हंगामभर मन लावून चोळत होती. वर म्हणत होती, जरा चुरचुरेल, गुण येतोय म्हणायचं.

"पण सगळ्या नाही उचलल्यास ना?" चिमट्याने विचारलं. "विझलेल्या..."

"विझलेल्या घेत नाही मी. पहाटे ज्या पेटलेल्या असतात त्याच."

"पेटलेल्या?" तो दचकला. "पेटलेला काजवा वाळूवर आला म्हणजे त्याच रात्री दोरावरून निसटलेला. आम्ही हद्दीबाहेर असतो तर वाटेतच विझला असता." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने स्वतःच ताट वाढून घेतलं. पण जेवला नाही.

संध्याकाळी मावशी धक्क्यावर गेली. भाऊ बोटीच्या शिडीवर बसून चहा पीत होता.

"ये ताई. कप आण रे एक," तो आत ओरडला. "बरं झालं आलीस, पाठ फार धरलीय. रात्री येतो घरी."

"काजवे म्हणजे काय ते आज कळलं मला," ती म्हणाली आणि तिने त्याच्यासमोर दोन्ही तळवे उघडले.

त्याने पाहिलं. ऐकूनही घेतलं, सगळं. शेवटी म्हणाला, "तू मला विचारायचंस ना."

"विचारलं होतं. तू हसलास."

"बरं, झालं ते झालं. तेलाचा डबा आणून देतो, चांगल्यातलं."

"तेल नको. बाईंकडे चल आणि सांग की पुरळ कशाने आलं. शिंप्याला सांग. मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःचं झाकतेय. बोटीवरच्या माणसाने सांगितलं तर पटेल."

कप्तानाने चहाचा तळ बघितला. "परवा सुनावणी आहे. खात्याची मॅडम येतेय, जवळच्या पाण्यात दोर पडतात अशी तक्रार गेलीय. आम्ही सगळे सांगणार आहोत की बोटी हद्दीबाहेरच जातात. त्यात तू काजव्यांची पिशवी घेऊन हिंडलीस तर धक्क्याचं वाटोळं होईल. घरातली गोष्ट घरात ठेव."

"घरातली कशी? पाण्यातून आली."

"ताई, चार पुरळं उठली तर जग बुडत नाही. जातील."

"माझं नाव गेलं, ते येईल?"

"लोक विसरतात."

"तू विसरतोस," ती म्हणाली. कप आला होता, तो तिने घेतला नाही. भाऊ खांदा मागे नेऊन पाठ खाजवत होता. ती त्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग वळून घरी गेली. त्या रात्री त्याला निरोप गेला, ताईला बरं नाही, मालिश होणार नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. शिटी मारणारा माईक, वारा सोडून सगळं देणारा पंखा आणि जमिनीपर्यंत लोंबणारं जाड हिरवं कापड घातलेलं टेबल. टेबलामागे मॅडम, मत्स्य खात्याच्या. बोलायच्या कमी, टिपून जास्त घ्यायच्या. समोर पहिल्या रांगेत बोटमालक संघाचा सचिव आणि कप्तान मंडळी, धुतलेल्या शर्टात. मागच्या रांगांत गाव. बाई काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसल्या होत्या. चिमट्या मामाच्या मागच्या खुर्चीत.

सचिवाचं बोलणं ऐकत राहावं असं. समुद्र आमची आई आहे, असं तो म्हणाला. आईच्या अंगावर कुणी कचरा टाकतं का? बोटी हद्दीच्या आत दोर टाकतच नाहीत, बोटीवरून काही फेकलं जात नाही, त्यासाठी खात्याने दिलेली पिंपं आम्ही वापरतो. लहान मासा सोडतो. कासव चुकून आलंच तर जिवंत सोडतो. कप्तानांनी माना डोलावल्या.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

मावशी उठली. तिच्या हातांना पांढरी फडकी बांधलेली होती आणि मनगटाला कापडी पिशवी. ती चालत पुढे आली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या कुणीतरी खुर्ची जराशी मागे घेतली. खुर्चीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनेही.

तिने पिशवी टेबलावर उलटी केली. नळ्या घरंगळल्या, काही खाली पडल्या.

"या वाळूवर येतात," ती म्हणाली. "मी तेल समजून लोकांना लावलं. माझी चूक. पण मला अक्कल नाही म्हणून समुद्रात यांचं पीक येत नाही. कुणीतरी टाकतं."

सचिव समजूतदारपणे हसला. "मावशी, समुद्र मोठा आहे. कुठल्या तरी परक्या जहाजाच्या असतील, महिनोन्महिने वाहत आलेल्या. जुना कचरा."

"जुन्या मी घेत नाही," मावशी म्हणाली. "पेटलेल्या असतील तरच उचलते. विझलेल्यात गुण नसतो."

सभागृहात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पेटलेल्या? वाळूवर?"

"हो. या आज पहाटेच्याच आहेत. अजून पेटलेल्या आहेत, फक्त इथे उजेडात दिसत नाही."

मॅडमनी खिडक्यांकडे पाहिलं. पडदे नव्हते. मग त्यांनी मूठभर नळ्या उचलल्या, खुर्ची मागे सारली, गुडघ्यांवर बसल्या आणि हिरवं कापड वर करून टेबलाखाली गेल्या. कापड त्यांच्यामागे पडलं. शासनाचा बाहेर राहिलेला भाग म्हणजे दोन चपला.

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांना जळमट लागलं होतं. "तीन उजळतायत," त्या म्हणाल्या. "फिकट, पण उजळतायत. सचिवसाहेब, तुमचा काजवा किती जळतो?"

"एक रात्र. फार तर सकाळपर्यंत." त्याने खरं सांगून टाकलं, कारण हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग लगेच म्हणाला, "पण या आमच्याच बोटींच्या कशावरून? नळ्या सगळीकडे सारख्याच असतात."

मावशी मागे वळली. मुलाकडे तिने पाहिलं नाही, म्हणजे मुद्दामच पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत उभी राहिली. चिमट्याच्या पुढे मामाची मान होती. ती जराशी तिरकी झाली होती, कॉलरच्या वर लाल चट्टा दिसत होता.

"माझा चिमटा आहे त्याला," चिमट्या बसल्या जागेवरून म्हणाला.

"उभं राहून बोला," मॅडम म्हणाल्या.

तो उभा राहिला. "चिमटा सैल असतो, म्हणून मी त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळतो आणि टोक दुमडून ठेवतो. मामांनीच शिकवलंय. त्या नळीला बघा. पट्टी आहे."

मॅडमनी नळी फिरवून पाहिली आणि मान हलवली.

"तरी निसटतात," चिमट्या म्हणाला. "आणि सकाळी उरलेले आम्ही टाकतो. पिंपात बटाटे आहेत."

मामाने मागे न बघता म्हटलं, "बस खाली."

"कासवांचंही सांगतो. जिवंत सोडतो, बरोबर आहे. गळ पोटात ठेवून सोडतो. दोरी कापायची आणि पाहुणा गेला म्हणायचं."

"पुढे ती जगतात का?" मॅडमनी विचारलं.

"आम्ही बघत नाही. आणि मासा लहान आला तर सोडतो म्हणाले ना ते, तो बहुतेक वेळा मेलेला असतो. मेलेलाच सोडतो आम्ही."

आता कप्तान मंडळींत कुजबुज सुरू झाली. सचिव उठला, त्याचा आवाज अजूनही साखरेत घोळलेला होता. "मॅडम, तरुण पोरगं आहे. हद्दीचं आपण तपासून घेऊ. पण या नळीतलं द्रव्य अगदी निरुपद्रवी असतं, हे मात्र मी जबाबदारीने सांगतो. पुरळाचा आणि याचा काही संबंध नाही. एखाद्याच्या हातालाच काही आजार असेल, तर त्याचं खापर आमच्या धंद्यावर फोडू नये."

तेच ते वाक्य, आता माईकवरून, सगळ्या गावासमोर. मावशी खिडकीपासून वळली.

"निरुपद्रवी आहे?" तिने विचारलं.

"अगदी."

"बरं." ती पहिल्या रांगेपाशी गेली आणि भावासमोर उभी राहिली. "ऊठ. शर्ट वर कर."

"ताई, घरी बोलू."

"घरातलं तेल समुद्रातून आलं, आता घरातली पाठही चार लोकांत येऊ दे. दर खेपेला परत आलास की मीच चोळते ना तुझी पाठ? कशाने चोळली असेन?"

कप्तानाचं तोंड उघडं राहिलं. आत्तापर्यंत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने हात मागे नेला आणि पाठीला लावायच्या आधीच थांबवला.

"रेनकोट..." तो पुटपुटला.

"रेनकोट काय गळ्यापासून कमरेपर्यंत बोटांचे ठसे उठवतो?"

मागून इंजिनवाला म्हणाला, "दाखवा की कप्तान. निरुपद्रवी आहे म्हणतायत."

त्याने शर्ट वर केला नाही. पण उठून जायला वळला आणि घामाने शर्ट पाठीला चिकटलेला होता, पांढरा, पातळ, सुनावणीसाठी खास धुतलेला. त्यातून मानेपासून कमरेपर्यंतचे लाल पट्टे गावाने पाहिले. दोन अंगठे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरले होते, मग तळवे फासळ्यांवरून बाहेर गेले होते. मावशीच्या टेबलावर जो कुणी कधी पालथा पडला होता त्याला ती वाट ओळखू आली. शिंप्याने नकळत स्वतःचा खांदा चाचपला.

बाई उठल्या. त्यांना उभं राहायला वेळ लागला, तोवर सगळे थांबले, सवयीने. "सचिव," त्या म्हणाल्या, "तू चौथीत असताना मी तुला एकदा बाहेर उभं केलं होतं. आत घ्यायला नको होतं." मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "माझे गुडघेही लिहून घ्या. मावशीचे हात चांगले आहेत."

मॅडमनी लिहून घेतलं. सगळं लिहून घेतलं, प्रामाणिकपणे, न खोडता. नळ्या पाकिटात घालून त्यांवर सही केली. मग निर्णय वाचला. जवळच्या पाण्यात दोर टाकणं हे नियमाचं उल्लंघन आहे. तपासणी होईल, गस्तीची बोट मिळेल, काजवे मोजून दिले जातील आणि मोजून परत घेतले जातील. हे सर्व पुढच्या हंगामापासून.

"आणि हा हंगाम?" मावशीने विचारलं.

"परवाने आधीच दिले गेलेत," मॅडम म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पाकिटाकडे पाहिलं. "आदेश वर जाऊन यायला वेळ लागतो."

"कासवांना कळवाल का, वेळ लागतो म्हणून?"

यावर टिपून घेण्यासारखं काही नव्हतं.

बोटी दुसऱ्याच संध्याकाळी निघाल्या. चिमट्याला मामाने घेतलं नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला. मावशीच्या हातांवर डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, कातडी भरून यायला काही महिने जातील, तेल लावायचं नाही, कुणाला चोळायचं नाही. पूर्वीसारखे होतील का, असं तिने विचारलं. बघू, असं डॉक्टर म्हणाले. शिंपी एक दिवस येऊन कारण नसताना तिच्या खोलीचा पडदा शिवून गेला. टेबल मात्र रिकामंच होतं.

आठवड्याने भाऊ आला. दारात चपला काढल्या, नेहमीच्या जागी ठेवल्या.

"झोप लागत नाही," तो म्हणाला. "पाठीवर मलम लावायला माझा हात पोहोचत नाही. बायकोला लाव म्हटलं तर म्हणते, ताईंचं शास्त्र ताईच जाणोत."

मावशीने टेबलाकडे बोट केलं. तो शर्ट काढून पालथा पडला. तिने बोटीवरचेच रबरी हातमोजे चढवले, चिमट्याचे, आणि डॉक्टरांच्या ट्यूबमधलं मलम मानेच्या खाली लावायला घेतलं. अगदी हलक्या हाताने. त्याने डोळे मिटले.

"आता बरं वाटतंय," तो म्हणाला. "तुझ्या हाताला गुण आहे, ताई."

डावी बाजू खालपर्यंत झाली.

"काल कुठे होतास?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? समुद्रात."

"मी पहाटे वाळूवर होते. तुझ्या बोटीचा दिवा ओळखते मी."

त्याने तोंड गादीत खुपसलं.

"नऊ पेटलेल्या मिळाल्या. काळ्या पट्टीशिवाय. नव्या पोराला चिमटा लावता येत नाही तुझ्या."

"ताई, एवढा हंगाम जाऊ दे. सगळेच टाकतात. मी एकटा बाहेर गेलो तर मासा बाकीचे नेतात. पुढच्या वेळेपासून नियमच आहे ना."

"म्हणजे हंगाम संपेपर्यंत तिथेच."

"एवढाच हंगाम."

मावशीने ट्यूबला झाकण लावलं. हातमोजे एकेक बोट ओढून काढले आणि खिडकीत वाळत टाकले.

"ऊठ," ती म्हणाली.

"अर्धीच झाली," तो पालथ्या पालथ्या म्हणाला. "उजवी राहिली."

"उजवी हंगाम संपल्यावर."

त्याने मान वर करून पाहिलं, ती चेष्टा करतेय का ते. ती टॉवेलांची दोरी नीट करत होती. तो उठला, आणि शर्ट घालताना उजवा हात बाहीत जाताच त्याच्या तोंडून शिवी निघाली.

"दार ओढून घे," मावशी म्हणाली.